नऊ नंबरचे बूट

"नवरा नसलेल्या बाईला सरकार शिकवतं का हो?"

प्रश्न विजयश्रीचा नव्हताच. तो सादिकाचा होता. म्हणजे कंपनीच्या बसमध्ये शेवटच्या बाकावर बसणाऱ्या सगळ्याजणींचा होता, आणि ताथवड्याच्या कॉलेजात जाऊन, खिडकीत मान घालून, एकही शब्द न बदलता विचारून दाखवायचा अशी पैज लागली होती. विचारलास तर मिसळ आमच्याकडून, नाही विचारलास तर तुझ्याकडून. मिसळीपायी माणूस काय काय करतं! पण प्रश्न तोंडातून सुटला आणि आपलाच आवाज तिला परका वाटला, मागे रांगेतलं कुणीतरी बोललं असावं तसा. खिडकीआडच्या बाईंनी मान वर केली. त्यांची नजर आधी तिच्या चेहऱ्यावर आली, मग गळ्यावर उतरली आणि मंगळसूत्रावर येऊन थांबली. "मिस्टर वारलेत का?" "नाही." "घटस्फोट झालाय?" "नाही." "मग आहेत की." "आहेत, पण नाहीयेत." मागे एक पोरगा खुसकन हसला आणि त्याच्या बापानं त्याला कोपरानं ढोसलं. खरं तर इथं तिनं म्हणायचं ठरलं होतं, की मी माझ्या मावसबहिणीसाठी विचारतेय. बसमध्येही तिनं तसंच सांगितलं होतं. माझी एक मावसबहीण आहे, बारावी सायन्स झालेली, तिला पुढं शिकायचंय, नवरा टाकून गेलाय. घरून निघताना वाक्य पाठ होतं. पण खिडकीशी आल्यावर ती मावसबहीण कुठं पळाली कुणास ठाऊक, आणि विजयश्री एकटीच उभी राहिली.

बाई मायाळू होत्या. रांग वाढत होती तरी त्यांनी सावकाश सांगितलं, की रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबचा कोर्स दोन वर्षांचा, वयाची काळजी करू नका, फी सरकार भरेल, फॉर्म ऑनलाइन भरायचा. फक्त उत्पन्नाच्या दाखल्यात नवऱ्याचं उत्पन्न धरतात. तो सोडून गेला असेल तर तसा दाखला आणायचा. "अवघड काही नाही हो. तलाठी कार्यालयात अर्ज द्या. त्यांचा माणूस घरी येईल, आजूबाजूला विचारेल. शेजारी सांगतील की बाई एकटीच राहते, झालं. शेजाऱ्यांना तर सगळं माहीत असतंच की!" आणि त्या हसल्या. विजयश्रीही हसली. हसू ओठावरून पुसायचं राहून गेलं आणि ती तशीच कॉलेजच्या पायरीवर येऊन बसली. पुढ्यातून पोरी चालल्या होत्या, पाठीला सॅक, हातात चहाचे कागदी पेले, एकमेकींच्या अंगावर रेलून खिदळत. गुरुवार होता, कंपनीला सुट्टी होती, आणि सुट्टीच्या दिवशी तिचे पाय जास्त दुखत. सहा दिवस ते गप्प राहायचे आणि सातव्या दिवशी बोलायचे. शेजारी सांगतील. हे दोनच शब्द डोक्यात पंख्यासारखे गरगरत होते. शेजारी काय सांगतील ते तिला पक्कं माहीत होतं, कारण त्यांनी काय सांगायचं ते इतकी वर्षं तिनंच त्यांना शिकवलं होतं.

भोसरीत पहिल्यांदा खोली शोधायला निघाली तेव्हा तिची मुलगी वर्षाली बालवाडीत होती. रविराज, म्हणजे तिचा नवरा, गुजरातेत नव्या प्लँटवर गेला होता. आधी रोज फोन, मग आठवड्याला, मग सणाला, आणि मग एका पाडव्याला लागलाच नाही तो फोन. नंबर अस्तित्वात नाही, असं एक बाई गोड आवाजात सांगायची. विजयश्री तरीही लावायची. त्या गोड आवाजाचीसुद्धा सवय झाली होती. जुनी खोली सोडावी लागली आणि नवी कुणी देईना. दारात उभं राहून प्रत्येक घरमालक एकच विचारायचा, "फॅमिली आहे ना?" कडेवर मूल घेऊन उभी असलेली बाई म्हणजे फॅमिली नव्हे, हे तिला दुसऱ्या-तिसऱ्या दारात समजलं. तळवड्याला गोजाबाईंच्या चाळीत आली, तेव्हा ती शहाणी झाली होती. गोजाबाईंनी विचारलं, "मालक काय करत्यात?" आणि ही पटकन म्हणाली, "कंपनीत आहेत. कायम रातपाळी." बोलून गेली आणि दुसऱ्याच दिवशी जुन्या बाजारात जाऊन, भंगारातल्या ढिगातून, पुढं लोखंडी टोपी असलेले कंपनीचे काळे बूट घेऊन आली. नऊ नंबरचे. रविराजचा पाय सातचा. ढिगात सातही होते, पण हातात नऊ आले आणि तिनं ते परत ठेवले नाहीत. खोटाच आणायचा, तर जरा मोठ्या पायांचा आणू.

त्या दिवसापासून तो तिच्या घरी राहायला आला. बूट दाराबाहेर, उजव्या बाजूला. सकाळी टाचा भिंतीकडे, संध्याकाळी टाचा उंबऱ्याकडे. म्हणजे माणूस आला, माणूस निघाला; आणि अंधार पडला की बूट आत. हे काम वर्षालीचं. एवढीशी होती तेव्हा दोन्ही हातांनी एकेक बूट उचलून फिरवायची आणि ओरडायची, "पप्पा आले!" विजयश्रीनं दटावलं की अजून मोठ्यानं. जरा मोठी झाली तशी आगाऊ झाली. "पप्पांना कारलं आवडत नाही, करू नकोस." "पप्पा म्हणाले, मला सायकल घ्यायची." आता नववीत गेली होती आणि बूट फिरवताना पायानंच ढकलायची. "ओ मिस्टर, तोंड करा तिकडं." दर गुरुवारी त्याच बाजारातून आणलेला निळा शर्ट धुऊन दोरीवर पडायचा, खिशावर कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्याचं अर्धं उसवलेलं नाव. कुणीच न घातलेला शर्ट धुवायला साबण तेवढाच लागतो. कॉलर घासायची, काखा घासायच्या, पिळायचा, झटकायचा. सुरुवातीला ती नुसता भिजवून टांगायची. पण एकदा गोजाबाई म्हणाल्या, "आगं, कालर काळीच हाय की गं! नवऱ्याच्या कापडाला हात आखडू न्हाई." तेव्हापासून ब्रश लावून धुवायची. श्रावणात शर्ट दोन-दोन दिवस वाळायचा नाही आणि तिला त्या न वाळणाऱ्या शर्टाची खरीखुरी काळजी वाटायची, की हा आता उद्या काय घालून जाईल. हे जाणवलं तेव्हा ती मोरीतच बसून राहिली होती, हातात टमरेल, नळ वाहतोय. असलेल्या माणसाचं करून बाया थकतात, ती नसलेल्याचं करून थकली होती. असलेला निदान कधीतरी म्हणतो, चहा चांगला झालाय.

आणि तो हळूहळू माणसात आला. हे मात्र तिनं केलेलं नव्हतं. ते चाळीनंच केलं. "तुजा नवरा लय गरीब हाय गं, आवाज म्हनून येत न्हाई," असं म्हणत गोजाबाईंनी त्याला गरीब केलं. पलीकडच्या खोलीतल्या छबूबाईंनी त्याला न पिणारा केला, कारण त्यांचा प्यायचा आणि कुठंतरी एक न पिणारा असायला हवा होता. कुणाच्या पोरानं म्हणे त्याला पहाटे सायकलवरून येताना पाहिलं होतं. विजयश्री ऐकायची, मान हलवायची. कधी कधी, फार दमून आलेल्या दिवशी, 'त्यांची झोप मोडू नये' असं चाळीला सांगून बाहेरून घातलेलं कुलूप उघडताना तिला वाटायचं की आत कुणीतरी असेल. मोठ्या पायांचा, खाली मान घातलेला. उठून दिवा लावेल. मग दार उघडायचं, आत सकाळचीच हवा कोंडलेली असायची, आणि ती दिवा लावायची.

बसमधल्या बायकांना हे काही माहीत नव्हतं. चाकणच्या कंपनीत ती रबरी सील तपासायची. भिंगाचा दिवा, त्याखाली एक काळं कडं धरायचं, फिरवायचं, चीर दिसली तर लाल टोपलीत, नाही दिसली तर पुढं. उभ्यानं. स्टूल मागितलं होतं एकदा, तर सुपरवायझर म्हणाला, "बसलं की झोप येते, मॅडम." येते म्हणजे? झोप तर उभ्यानंही यायची, घोड्यासारखी. भिंगाखाली ते कडं विहिरीएवढं व्हायचं आणि त्याच्या कडेकडेनं तिची नजर फिरत राहायची, आणि मधल्या काळ्या पोकळीत कधी कधी माहेरच्या उमरग्याचं कॉलेज दिसायचं. बारावीचं प्रॅक्टिकल. कांद्याच्या सालीचा पापुद्रा, त्यावर रंगाचा थेंब, आणि मायक्रोस्कोपला डोळा लावल्याबरोबर समोर रचलेली भिंत, गुलाबी विटांची, एकीला एक चिकटून, एकही वीट रिकामी नाही. ती बघतच राहिली होती. सर म्हणाले, "पुढं सरक गं, बाकीच्यांनी काय कांदे चिरायचे का?" सगळे हसले. ती पुढं सरकली ती सरळ मांडवात. मग गेल्या वर्षी कंपनीत तपासणीचं शिबिर लागलं. सगळ्या बायका रक्त द्यायला घाबरत होत्या आणि ही बघत होती ती फिरत्या स्टुलावर बसून मायक्रोस्कोपात डोळा घातलेल्या पोरीकडे. ती पोरगी बसली होती! भर दुपारी, पगार घेऊन, पाठीला टेकू देऊन बसली होती, आणि तिला कुणी म्हणत नव्हतं की झोप येईल. त्या संध्याकाळी परतताना बस तळवड्याच्या चौकात नेहमीसारखी रुतली. पुढं कंटेनर, मागं कंटेनर, इंद्रायणीच्या पुलापर्यंत दिवेच दिवे. तेव्हा विजयश्रीनं पहिल्यांदा मावसबहिणीचा विषय काढला.

सादिका तिच्या शेजारची. नवरा गॅरेजवाला, तीन पोरं, तोंडाला लगाम नाही. "किती वर्षांची आहे तुझी ती बहीण?" "माझ्याच वयाची." "दिसायला?" "माझ्यासारखीच." "हं," सादिका म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. मग दर दोन दिवसांनी विचारायची, "काय म्हणते तुझी मावसबहीण? पाय दुखतात का तिचे? तेल लाव म्हणावं." पैजेची कल्पना तिचीच. बाकीच्या टाळ्या पिटून पिटून म्हणाल्या, विचारच, विचारच, हिंमत असेल तर. सादिकानं फक्त तिच्या हातावर हात ठेवला होता. आणि शुक्रवारी बसमध्ये विजयश्रीनं सगळं सांगितलं, खिडकी, बाई, दाखला, तेव्हा बाकीच्या मिसळ कुठली खायची यावर भांडत असताना सादिका तिच्या कानाशी येऊन म्हणाली, "आणि तुझ्या त्या मावसबहिणीच्या दारात बूट आहेत ना गं मोठे? त्यांचं काय करणार ती?" विजयश्रीनं मान वळवली. "तुला काय माहीत?" "मागच्या ईदला शिरखुर्मा घेऊन आले होते तुझ्याकडं. माझा नवरा तसलेच बूट घालतो. महिन्याभरात टाचा झिजतात त्याच्या. तुझ्याकडच्यांच्या टाचा बघितल्या मी. चामडं जुनं, धूळ जुनी आणि टाच तशीच्या तशी!" बस खड्ड्यातून गेली, दोघी उडाल्या, परत बसल्या. "कुणाला बोलले नाही," सादिका म्हणाली. "बोलणार पण नाही. पण दमत नाहीस का गं तू?"

दाखल्याचा अर्ज दिला. वर्षालीनं फोनवर फॉर्म भरला, फटाफट, जीभ बाहेर काढून, आईचा फोटो तीनदा काढून. "हसू नकोस, सरकारला वाटेल मजेत आहेस. एवढं रडवंही नको, आपण काय भीक मागतोय?" फॉर्म भरायची मुदत महिनाअखेरची होती आणि दाखल्यावाचून तो पुढं जात नव्हता. एक रिकामा चौकोन लाल होऊन बसला होता. वर्षाली तो रोज उघडून बघायची. "आई, मी अकरावीला जाईन तेव्हा तू पास आऊट. मग आपण दोघी एकाच वेळी डबा नेऊ." ती असं बोलायची की वाटावं झालंच. विजयश्रीला तो उत्साह अंगावर उन्हासारखा यायचा. बरा वाटायचा आणि डोळे मिटावेसे वाटायचे.

तलाठी कार्यालयातून सोपानराव आले ते नेमके गुरुवारी. रेक्झिनची बॅग, गुडघ्यात वाकलेले, स्कूटर स्टँडला लावतानाच धाप लागलेले. विजयश्रीनं त्या दिवसाची किती तयारी केली होती! काय बोलायचं, कसं बोलायचं, गोजाबाईंना आधीच बाजूला घेऊन सांगायचं. रोज ठरवायची आणि रोज उद्यावर ढकलायची, कारण गोजाबाई रोज काहीतरी आणून द्यायच्या, कधी अळू, कधी ताक, आणि ताकाचा तांब्या हातात असताना असलं कसं बोलायचं. आणि त्या सकाळी, कुणी सांगितलं नव्हतं तरी, हाताच्या सवयीनं उठून तिनं शर्ट धुतला होता. कॉलरला ब्रश लावून. सोपानराव दोरीखालून वाकून आले तेव्हा ओल्या बाहीचं पाणी त्यांच्या टकलावर ठिबकलं. त्यांनी वर पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. बूट टाचा भिंतीकडे करून शिस्तीत उभे. त्यांनी नळावरच्या गोजाबाईंनाच हाक मारली, "मावशी, इकडं या जरा. ही बाई इथं एकटीच राहते ना?"

आणि गोजाबाई आल्या त्या पदर खोचूनच. "एकटी? कोन म्हनलं एकटी? कुनी कागाळी केली का काय हिची? नाव सांगा, त्याची जीभच हासडते!" "तसं नाही हो—" "मंग कसं? चांगला धट्टाकट्टा नवरा हाय तिला. रातपाळीला असतो. ना पिनं, ना शिवी. माज्या पोरांनी तीर्थ घ्यावं त्याचं!" सोपानरावांनी चष्मा वर केला. "तुम्ही स्वतः पाहिलंय त्यांना?" "बगितलंय म्हंजे? पहाटंचं दूध काढाया उठते मी. उंचापुरा हाय. मान खाली घालून येतो, वर बगत न्हाई कुना बाईकडं. ह्ये पाय बगा की क्येवढालं!" आणि त्यांनी बुटांकडे बोट केलं. छबूबाईही मागून म्हणाल्या, "व्हय, लई देवमाणूस." विजयश्री दारात उभी होती. आता बोलली तर सरकारदरबारी खरी आणि या अंगणात खोटी. गोजाबाईंचा चेहरा रागानं फुललेला, तिच्याचसाठी फुललेला, आणि त्या चेहऱ्यावर हे ऐकून काय उतरेल, ते बघायची ताकद तिच्यात नव्हती. आणि खरं सांगायचं तर क्षणभर, अगदी क्षणभर, तिला हेवा वाटला. या बाईनं त्याला पाहिलं होतं. आपण एवढं केलं त्याचं, आपल्याला तो एकदाही दिसला नाही.

गोजाबाई पाठ थोपटून गेल्या. "तू भ्यायचं न्हाई. आमी हाय." सोपानराव स्कूटरशी थांबले होते. "ताई," ते हळू म्हणाले, "मी अजून काही लिहून घेतलेलं नाही. शर्ट बघितला, बूट बघितले, तुमचं तोंडही बघितलं. माझी पण बहीण आहे एक. पण मी मनानं लिहू शकत नाही. पुढच्या गुरुवारी येतो. माहेरची माणसं बोलवा, त्यांचा जबाब चालतो. पण चाळीतल्या बायका असं म्हणत असतील तर माहेरच्यांचं एकट्याचं टिकत नाही. तुमचं तुम्हीच काय ते यांना सांगा." किक मारून मारून स्कूटर सुरू झाली. मागून वर्षाली दारात येऊन उभी राहिली होती. शर्टाच्या टोकाचं पाणी पिळत होती. "आई, आपण पप्पांना मारून टाकू या का?" ती म्हणाली. हसण्यासारखं होतं, पण ती हसत नव्हती.

विजयश्रीचे दादा, म्हणजे वडील बबनराव, आणि आई कौशल्याबाई बुधवारी एसटीनं आले. आल्या आल्या बबनरावांच्या चपलेचा अंगठा तळवड्याच्या चौकात तुटलेला, तिथून ती हातात धरून अनवाणी आले. कौशल्याबाईंनी गाठोड्यातून शेंगाची चटणी काढली, ज्वारीचं पीठ काढलं, नातीच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. रात्री कुणी विषय काढला नाही. बबनराव भिंतीकडे तोंड करून झोपले, ही त्यांची जुनी रीत. बोलायचं नसलं की भिंत. लहानपणी विजयश्री त्या पाठीकडे बघत निजायची. बारावीचा निकाल लागला होता त्या दिवशीही तीच पाठ. पुढं शिकू का, असं तिनं त्या पाठीला विचारलं होतं, आणि पाठ काही बोलली नव्हती.

सकाळी चहा घेताना बोलले. "इजे, त्या माणसापुढं मला नको उभं करू." विजयश्री चहाचं पातेलं धरून थांबली. "खोटं थोडंच बोलायचंय, दादा. आहे ते सांगायचं." "आहे ते!" बबनराव हसल्यासारखं करून म्हणाले. "गावात कोण इचारलं तर मी काय सांगतो ठाव हाय का तुला? जावई पर्मनंट हाय. कंपनीत लई मान हाय. आता गावाला येऊ देत न्हाईत त्याला, इतकं काम. समदी म्हणतेत, बबनराव, नशीब काढलाव. आता आपल्या धाकट्या सुजितचं लग्न जमायलंय. पोरीकडचे चौकशी करायलेत, थोरल्या लेकीचं कसं काय. आत्ताच ह्ये कागदावर आलं तर तोंड कुठं लपवू मी? दिवाळीपस्तोर थांब. सुजितच्या डोक्यावर अक्षता पडू दे. मग कर काय करायचं ते." "मुदत महिनाअखेर आहे, दादा." "मुदत पुढच्या वर्षी बी येती की." त्यांचं चुकत होतं असंही तिला वाटेना. त्यांनीही गावात एक जावई पाळला होता. तिनं बूट घेतले, त्यांनी त्याला मान दिला, पर्मनंट केलं. दोघं मिळून एकाच माणसाचं करत होते, आणि तो दोघांनाही विचारत नव्हता. "एवढी वर्षं काढलीस माय," बबनराव आता मऊ आवाजात म्हणाले, "अजून एक काय जड हाय?"

जड. विजयश्रीनं पातेलं खाली ठेवलं. किती जड ते सांगता येईना. तिला आपले पाय दिसले, घोट्यापाशी सुजलेले, आणि पुढच्या वर्षीचा भिंगाचा दिवा, तीच काळी कडी, तीच विहीर. एक वर्ष म्हणजे किती गुरुवार, किती कॉलरी. तिनं आईकडे पाहिलं, आईनं काहीतरी बोलावं म्हणून. आई खोलीत नव्हती. ती दाराबाहेर उकिडवी बसली होती. साठी उलटलेली बाई, गुडघे कुरकुरणारी. तिनं पदराचा शेव बोटाला गुंडाळला होता आणि त्या बुटांवरची धूळ पुसत होती. मन लावून, लोखंडी टोपीच्या खाचेत बोट घालून. एक पुसून झाला, दुसरा घेतला. पुसून झाल्यावर तिनं दोन्ही बूट उचलले, जरा विचार केला, आणि टाचा भिंतीकडे करून ठेवले. "सकाळ हाय न्हवं," ती आपल्याशीच पुटपुटली, "आला असंल." कुणी शिकवलं तिला? कुणीच नाही. उंबऱ्याच्या आत वर्षाली शाळेची वेणी घालत उभी होती, रिबीन दातात, आणि आजीकडे बघत होती. ती बघत होती तसं विजयश्रीनं आपल्या पोरीला कधी बघताना पाहिलं नव्हतं. फार म्हाताऱ्या डोळ्यांनी. मोठा पाय होता त्याचा. आजी, आई, नात, तिघी मावल्या होत्या त्यात.

बाहेर नळ आला होता. गोजाबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर, कुणाची तरी कळशी, कुणाचा तरी नंबर. अजून थोड्या वेळानं सोपानराव येतील, धापा टाकत. विजयश्री उठली. गुडघ्यात कळ आली, ती नेहमीचीच. बाहेर जाऊन तिनं बूट उचलले. पहिल्यांदाच उचलत होती की काय, इतके ते हलके लागले. आत आली आणि बबनरावांच्या अनवाणी पायांपुढं, फरशीवर, ठेवले. आई मागोमाग दारात आली. वर्षालीनं दातातली रिबीन काढली.

"दादा, हे तुम्ही घालून जा. मोठे होतील, पुढं चिंधी कोंबा. कुणाचे नाहीत, कुणाचेच नव्हते. आता मी नळावर जाते आणि गोजाबाईंना सांगते, सगळ्या बायकांसमोर, की माझ्या घरात पुरुष राहत नाही. त्यांनी पाहिला तो कोण होता मला ठाऊक नाही. शिव्या देतील, खोली सोड म्हणतील, तर सोडीन, दुसरी बघीन, तिथं आधीच सांगीन. त्या सोपानरावांपुढं तुम्ही नका उभे राहू, मी राहीन. सुजितच्या सासरी काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, त्यात मी तुम्हाला खोटं पाडणार नाही, पण खरंही करणार नाही. माझ्याच्यानं होत नाही आता. आई, तू रडू नकोस गं, मला दमायला झालंय एवढंच. मी कॉलेजात जाणार आहे. बाकावर बसणार आहे."